तीन ख्रिस्त आणि चौथा

अमेरिकेत मिशिगन राज्यातील इप्सिलांटी येथे मनोरुग्णांचे एक सरकारी इस्पितळ होते. १९५९ साली मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञाने तेथे तीन रुग्णांना एकत्र आणले. तिघांचाही ठाम समज एकच : ‘मीच येशू ख्रिस्त!’ रोकीच यांचा हिशेब सरळ होता. ख्रिस्त एकच असू शकतो. दुसरा दावेदार समोर उभा राहिला, की भ्रमाला तडा जाईल.

तडा काही गेला नाही! दोन वर्षे तिघे शेजारशेजारच्या खाटांवर निजले, एका टेबलाशी जेवले, भांडले, हातघाईवरही आले. पण एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या गळी उतरेना. एक म्हणे, ‘हे दोघे जिवंतच नाहीत, त्यांच्यातील यंत्रे बोलतात.’ दुसऱ्याचा युक्तिवाद तर बिनतोड : ते वेड्यांच्या इस्पितळात आहेत, म्हणजे वेडेच असणार!

वाचक हसतील, पण पुढचे ऐका. तिसऱ्याने मनाशी एक पत्नी कल्पिली होती. तिच्या नावाने रोकीच यांनी त्याला खोटी पत्रे धाडली. हेतू बरा होण्याचाच. पण त्या एकाकी जीवाला आपले म्हणणारे माणूस भेटले, तेही बनावट!

१९६४ साली यावर रोकीच यांचे पुस्तक निघाले. १९८१ च्या आवृत्तीत मात्र त्यांनी मोकळेपणाने कबूल केले, की दुसऱ्यांच्या आयुष्यात असा हात घालण्याचा आपल्याला अधिकार नव्हता. आपणही देव होऊन बसलो होतो.

तिघांना बोलते करणारा हा चौथा. त्यालाही ऐकू येण्यास वीस वर्षे लागली.