कोरफडीचा रस : औषध किती, व्यापार किती?

हल्ली यंत्रमागाच्या कारखान्यापासून किराणा दुकानापर्यंत सर्वत्र कोरफडीच्या रसाची बाटली दिसते. सकाळी उपाशीपोटी दोन झाकणे घ्या, पोट साफ होईल, शुगर उतरेल, सांधे मोकळे होतील, असे विकणारे सांगतात. एजन्सी घ्या म्हणून एक ओळखीचे गृहस्थ आमच्याकडेही दोनदा येऊन गेले. कापड घेताना आम्ही ताणा-बाणा मोजून घेतो. मग पोटात जाणारा माल न तपासता कसा विकावा? म्हणून चौकशी केली, ती व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहोत.

कोरफडीला उर्दूत घीक्वार म्हणतात. पान कापून पाहा. वर हिरवी साल, सालीखाली पिवळा कडू चीक आणि आत पारदर्शक गर. चीक आणि गर एकच समजले की घोटाळा होतो. चीक वाळवला की काळा बोळ तयार होतो; हकीम त्याला एलवा किंवा मुसब्बर म्हणतात. अरबीतले त्याचे नाव ‘सबिर’, आणि संयमाचा ‘सब्र’ही त्याच अक्षरांचा. ज्याने एलवा चाखला आहे त्याला याचे नवल वाटणार नाही. सोकोत्रा बेटावरचा एलवा अरब व्यापाऱ्यांनी शतकानुशतके देशोदेशी नेला, पण जुलाबाचे औषध म्हणून. रोजचे पेय म्हणून नव्हे. चिकातील अ‍ॅलोइन आतड्याला डिवचते आणि फार दिवस घेतल्यास शरीरातील पोटॅशियम कमी करते. अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या रेचकांतून २००२ साली कोरफडीला बाद करण्यात आले. पुढे तेथेच उंदरांना दोन वर्षे सबंध पानाचा, न शुद्ध केलेला अर्क पाण्यातून दिला, तेव्हा त्यांच्या मोठ्या आतड्यात गाठी झाल्या. माणसाबाबत तसे सिद्ध झालेले नाही, पण धोका नाहीच असेही म्हणता येत नाही.

गराची गोष्ट वेगळी. त्यात शंभरात ९८ भाग पाणीच असते. इंग्लंडमध्ये आतड्याला सूज व व्रण असलेल्या ४४ रुग्णांवर प्रयोग झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. चार आठवडे रोज दोन वेळा १०० मिलिलिटर गर दिल्यावर बऱ्याच जणांना आराम पडला. मधुमेहाच्या रुग्णांत उपाशीपोटीची साखर थोडी उतरल्याचेही काही लहान प्रयोगांत दिसले आहे. थोडी उतरते, म्हणजे गोळी सुटते असे नव्हे. आमच्या ओळखीच्या एका रंगारी कारागिराने विक्रेत्याच्या शब्दावर गोळ्या बंद करून तीन महिने रसच घेतला. पायाची जखम चिघळली आणि एक बोट काढावे लागले. रस विकणारा तोवर दुसऱ्या मोहल्ल्यात गेला होता. उलट गोळ्यांसोबत रस घेतला तर साखर एकदम खाली जाण्याची भीती असते. हृदयाची, रक्त पातळ करण्याची किंवा लघवीची औषधे चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तर घेऊच नये.

आता मालाची पारख. बाटलीवर ‘सबंध पान’ लिहिले आहे की ‘आतील गर’, ते पाहावे. पिण्याच्या रसात अ‍ॅलोइन दहा लाखात १० भागांपेक्षा जास्त नसावे असे या धंद्यातील आंतरराष्ट्रीय मंडळाचे माप आहे. लेबलावर अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक हवा. अमेरिकेत २०१६ साली त्वचेला लावण्याच्या जेलच्या काही बाटल्या तपासल्या तेव्हा कोरफडीची खूणच सापडली नाही. काहींत स्टार्चपासून बनणारी माल्टोडेक्स्ट्रिन नावाची स्वस्त भुकटी निघाली. विरळ कापडाला कांजी चढवून भरदार दाखवणारे आमच्या बाजारातही आहेत, तेव्हा आम्हाला आश्चर्य वाटले नाही.

आणखी एक गोष्ट दुकानदारांनी ध्यानात ठेवावी. मधुमेह बरा होतो असे पत्रक वाटणे किंवा पाटी लावणे हा १९५४ च्या जादुई उपायांविरुद्धच्या कायद्याने गुन्हा आहे. कंपनीने छापून दिलेले पत्रक वाटले तरी वाटणारा अडकतो.

घरी कुंडीतले पान वापरायचे असल्यास ते कापून पंधरा मिनिटे उभे धरावे, पिवळा चीक गळू द्यावा, साल काढून गर दोन-तीन पाण्यांनी धुवावा. जुलाब किंवा पोटात मुरडा सुरू झाल्यास लगेच बंद करावे.

एजन्सीवाल्या गृहस्थांकडे आम्ही अ‍ॅलोइनच्या तपासणीचा कागद मागितला आहे. पुढच्या खेपेला आणतो म्हणाले. अजून आलेले नाहीत.