वजन कुणाच्या डोक्यावर?

२०१६ साली आलेल्या ‘रोग वन’ या ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या चित्रपटात जेधा शहरावर एक अजस्र युद्धनौका उभी असते. स्टार डिस्ट्रॉयर तिचे नाव. खाली गल्ल्यांत माणसांची वर्दळ, आणि डोक्यावर ही राखाडी पाचर निश्चल. अवकाशात हे दृश्य असते तर प्रश्नच नव्हता. इथे मात्र हवा आहे, गुरुत्वाकर्षण आहे (पात्रे आपल्यासारखीच चालतात, तेव्हा ते पृथ्वीइतके धरू), आणि नौका तसूभरही हलत नाही.

आधी तिचे वजन काढू. लांबी १६०० मीटर मानली जाते. आपली ‘विक्रांत’ २६२ मीटर लांब आणि सुमारे ४५ हजार टनांची. म्हणजे लांबी सहापट. पण रुंदी आणि उंचीही त्याच प्रमाणात वाढवली, तर वजन सहाच्या घनाने, म्हणजे सव्वादोनशे पटींनी वाढते. ही गोम गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात मांडली होती. उत्तर येते सुमारे एक कोटी टन. पाचरीचा तळ साधारण आठ लाख चौरस मीटर धरला, तर दर चौरस मीटरवर साडेबारा टन भार पडतो.

फुग्यासारखी तरंगेल का? सरासरी जाडी शंभर मीटर धरली, तर ती आठ कोटी घनमीटर हवा बाजूला सारेल. त्या हवेचे वजन लाखभर टन. नौकेच्या वजनाचा जेमतेम एक टक्का. पाण्यात ही नौका खुशाल तरंगेल, हवेत नाही.

विमानासारखी उडेल का? एअरबस ए-३८० हे अवाढव्य विमान पंखाच्या दर चौरस मीटरवर पाऊण टनाहून थोडे कमीच वजन पेलते. आपल्या नौकेला याच्या अठरापट उचल हवी. उचल वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून वेग चौपटीहून जास्त लागेल: ताशी हजार-बाराशे किलोमीटर, तोही पाचरीसारख्या आकाराला पंखाइतकी चांगली उचल मिळाली तर. म्हणजे धावती नौका उडणे अगदीच अशक्य नाही. उभी नौका ही खरी अडचण. वातावरणाचा दाब दर चौरस मीटरला सुमारे दहा टन असतो. उद्या कुणी जादूने नौकेच्या वरची सगळी हवा काढून घेतली, तरी खालची हवा दहा टनच उचलणार, आणि हवेत साडेबारा!

मग हवा खाली ढकलायची, हेलिकॉप्टरसारखी. सगळा तळ म्हणजे एकच पंखा मानून हिशेब केला, तर खाली फेकलेल्या हवेचा वेग ताशी सोळाशे किलोमीटर येतो. आवाजापेक्षा जास्त. (अशा वेगाला साधे सूत्र ढोबळच ठरते, पण अंदाज कळतो.) त्यासाठी वीस टेरावॅटहून अधिक शक्ती लागेल, सगळी मानवजात मिळून आज साधारण तेवढीच वापरते. आणि खाली बाजार भरलेला! अग्निबाणांवर उभी करायची, तर चंद्रावर माणूस नेणाऱ्या सॅटर्न-५ चे पहिले टप्पे सुमारे २९०० लागतील, आणि साडेचार मिनिटांत नौकेच्या वजनाइतके इंधन जळून जाईल.

चाहते यावर ‘रिपल्सरलिफ्ट’ हे मालिकेतलेच उत्तर देतात: गुरुत्वाकर्षणाला उलट रेटा देणारे यंत्र. माझ्या मते खरी मौज इथून सुरू होते. यंत्र कोणतेही असो, न्यूटनचा तिसरा नियम सुटत नाही. नौकेला वर रेटणारे बल तितकेच खालीही रेटते. आकाशातल्या विमानाचे वजनसुद्धा शेवटी जमिनीच पेलते. ते इतक्या मोठ्या पट्ट्यावर पसरते की आपल्याला जाणवत नाही. पण शहराच्या अगदी वर थांबलेल्या नौकेचा रेटा थेट खाली उतरला, तर छपरांवर दर चौरस मीटरला साडेबारा टन येतील. आपल्या घरांची जमीन दोनशे किलोच्या हिशेबाने बांधतात. तोफ डागायची गरजच उरणार नाही. सुटका एकच: तो रेटा शहरावर न पडता, गुरुत्वाकर्षणासारखा ग्रहाच्या सबंध वस्तुमानात वाटला गेला पाहिजे. असे यंत्र आज कुणाला ठाऊक नाही, पण निदान चित्रपटातला बाजार त्याखाली जिवंत राहील.

हा प्रश्न आधी सुचला जोनाथन स्विफ्टला. ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ (१७२६) मधले लापुटा हे उडते बेट सुमारे सात किलोमीटर रुंद. ते एका प्रचंड चुंबकावर चालते, आणि चुंबकाला प्रतिसाद देणारे खनिज फक्त राजाच्याच मुलखाच्या जमिनीत असल्यामुळे बेट त्या हद्दीबाहेर जाऊच शकत नाही. कशाला रेटायचे, हे स्विफ्टने ठरवून ठेवले होते. बंडखोर शहरावर बेट टेकवून ते चिरडण्याची ताकदही राजाकडे आहे. तरी तो बिचकतो, कारण खालच्या मनोऱ्यांवर आणि खडकांवर आदळून बेटाचाच तळ तडकायचा.