कारखान्यांच्या गावी लघुपट

सांगली जिल्ह्यातले दिग्दर्शक शेखर बापू रणखांबे यांच्या ‘रेखा’ या लघुपटाला ६९व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. रस्त्याकडेला राहणाऱ्या रेखाच्या अंगावर बुरशीचा त्वचारोग उठतो. औषध लागू पडायचं तर आंघोळ हवी, आणि आंघोळीलाच नवऱ्याचा विरोध. अंगावरच्या मळानंच परपुरुषाचा हात दूर राहतो, असं तिच्या सोबतच्या बायका मानतात. अडीच तासांच्या सिनेमात हा पेच चार प्रसंगांत उरकला असता; इथं सगळा चित्रपट त्याच्यावर उभा आहे. गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात २०२२ साली तो दाखवला गेला. ज्या जिल्ह्यातल्या माणसानं तो केला, तिथल्या लोकांनीही असे लघुपट अंधाऱ्या सभागृहात, एकत्र बसून पाहायला हवेत. मोबाइलवर पाहताना बोट पुढं सरकतं आणि रेखाची घुसमट अंगावर येतच नाही.

लघुपट म्हणजे मोठ्या चित्रपटाआधीची उमेदवारी, हा समज मला मान्य नाही. उमेश कुलकर्णींचा ‘गिरणी’ त्यांच्या ‘वळू’आधीचा, नागराज मंजुळेंचा ‘पिस्तुल्या’ ‘फँड्री’आधीचा, हे खरं. पण ‘सैराट’चं प्रचंड यश पाहिल्यावरही मंजुळे ‘पावसाचा निबंध’साठी लघुपटाकडे परतले आणि त्यांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. काही गोष्टींचा जीवच तेवढा असतो.

आता असे लघुपट दाखवणारा महोत्सव जिथं भरावा असं मला वाटतं, त्या कुपवाडकडे येऊ. १९९८ साली सांगली-मिरजेसोबत महापालिकेत आलेलं हे गाव बाहेरच्यांना ठाऊक आहे ते एमआयडीसीमुळे. अशा ठिकाणी लघुपट महोत्सव कोण पाहणार, असं कुणी विचारलं तर जर्मनीतल्या ओबरहाउजेनचं नाव सांगावं. कोळसा आणि पोलादाच्या त्या कामगार शहरात १९५४ साली महोत्सव सुरू झाला, तोही प्रौढ शिक्षण केंद्राच्या पुढाकारानं. तिथंच १९६२ साली २६ तरुणांनी जुना सिनेमा मेल्याचं जाहीर केलं आणि जर्मन चित्रपटाला नवं वळण लागलं. लघुपटांचा जगातला सर्वांत मोठा महोत्सव भरतो फ्रान्समधल्या क्लेर्माँ-फेराँला, म्हणजे मिशलिन टायरच्या गावात.

आपल्याकडे हाकेच्या अंतरावर कोल्हापूर आहे. बाबुराव पेंटरांच्या त्या गावात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. सांगलीत भावे नाट्यमंदिर आहे, मिरजेत बालगंधर्व नाट्यगृह. जागेची अडचण नाही.

खरं कसब निवडीत आणि क्रमात लागतं. चाळीस मिनिटांपर्यंतचा चित्रपट ऑस्करला लघुपट म्हणून चालतो, पण स्थानिक महोत्सवात पंधरा-वीस मिनिटांचे चित्रपट बरे. दीड तासाच्या एका खेळात पाच-सहा बसतात. ‘रेखा’सारख्या चित्रपटामागोमाग लगेच विनोदी चित्रपट लावला, तर दोघांचंही नुकसान. मध्ये दिवे लावून पाच मिनिटं दिग्दर्शकाशी बोलणं व्हावं. आवाजाची चाचणी आदल्या दिवशीच उरकावी, कारण कमी पैशांत केलेल्या चित्रपटाची पहिली दुखापत आवाजालाच झालेली असते. सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेल्या चित्रपटांसाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते. त्या अर्जाला वेळ ठेवावा.

आणि खेळ लावावेत कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, पहिल्या पाळीतला कामगार घरच्यांना घेऊन येऊ शकेल अशा वेळी. तिकीट चहा-वडापावच्या खर्चाएवढं असावं. फुकट मात्र नको, कारण त्या गल्ल्यातून पुढच्या वर्षी एखाद्या स्थानिक पोराला कॅमेऱ्याचं भाडं देता येईल.