शलाका-परीक्षा आणि संशोधनाची पात्रता

मिथिलेंतील शलाका-परीक्षेची आख्यायिका विद्वान् वाचकांस परिचित आहेच. पोथींत सुई टोंचावयाची, आणि तिचें अग्र ज्या पानावर थांबेल त्या पानाचें विवरण परीक्षार्थीनें तत्काळ करावयाचें, असा तिचा प्रकार सांगतात. नवद्वीपाच्या वासुदेव सार्वभौमांनीं ही परीक्षा दिली, व पोथी मिथिलेबाहेर नेण्यास मनाई असल्यामुळें गंगेशाचा ‘तत्त्वचिंतामणि’ मुखोद्गत करून नेला, अशी परंपरा आहे. तींतील ऐतिहासिक अंश बाजूस ठेविला तरी परीक्षेचें तत्त्व स्पष्ट आहे: पान परीक्षार्थीनें निवडावयाचें नाहीं.

आतां आपल्या विद्यापीठांत पीएच. डी.च्या उमेदवाराची पात्रता कशी ठरते तें पाहूं. पहिलें द्वार प्रवेशाचें. प्रवेशासाठीं ‘नेट’ परीक्षेचे गुण ग्राह्य धरण्याची व्यवस्था २०२४-२५ पासून झाली आहे. तीन तासांत १५० प्रश्न, गुण ३००, आणि प्रत्येक प्रश्नास चार पर्याय, असें तिचें स्वरूप आहे. अधिछात्रवृत्ति न मिळालेल्या उमेदवारांच्या बाबतींत या गुणांस ७० टक्के व मुलाखतीस ३० टक्के भार असतो. दुसरें द्वार कोर्सवर्कचें. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें त्याचे किमान १२ श्रेयांक असून त्यांत ५५ टक्के गुण मिळाल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. त्यानंतर सल्लागार समितीपुढें वेळोवेळीं निवेदन, शेवटीं बाह्य परीक्षकांचे अभिप्राय आणि खुली मौखिक परीक्षा.

ही योजना निष्काळजीपणाची आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु हस्तलिखितांवर काम करूं इच्छिणाराच्या दृष्टीनें तींत एक उणीव राहते. पूर्वीं न पाहिलेलें पान त्याच्यापुढें ठेवलेंच पाहिजे, असा नियम यांत कोठेंहि नाहीं. पर्यायांतून उत्तर निवडणें निराळें, आणि जेथें पर्यायच दिलेले नाहींत तेथें अक्षर ठरविणें निराळें. जुन्या नागरी पोथींत शब्द तोडलेले नसतात. पृष्ठमात्रा असेल तर एकाराची मात्रा अक्षराच्या आधीं येते व नवशिका ती मागील अक्षराचा काना समजतो. ‘च’ व ‘व’, ‘प’ व ‘य’ यांची गल्लत तर नित्याचीच. मोडी कागदांत शिरोरेघ आधीं ओढून अक्षरें तिला लटकविलेलीं असल्यामुळें शब्द कोठें संपला हें अर्थावरूनच कळतें. ही अडचण तिसऱ्या वर्षीं उमेदवाराच्या ध्यानांत आली, तर कमाल सहा वर्षांच्या मुदतींतील निम्मा काळ गेलेला असतो. मग तो छापील ग्रंथाचा आश्रय करितो, आणि पोथी दप्तरांत तशीच राहते.

उपाय सोपा आहे. अशा विषयांच्या कोर्सवर्कमध्यें विभागानें अर्ध्या तासाची एक परीक्षा ठेवावी. परीक्षकानें अपरिचित पान काढावें. उमेदवारानें तें वाचावें, पदच्छेद करावा, लेखकाचा प्रमाद कोठें वाटतो तें सांगावें, आणि जें लागत नाहीं तें ‘लागत नाहीं’ असें म्हणावें. या शेवटच्या प्रामाणिकपणास गुण अवश्य द्यावे; कारण संदिग्ध अक्षर निश्चित म्हणून छापण्याइतकी पाठाची हानि वाळवीहि करीत नाहीं.

येथें संग्राहकांचें कर्तव्य येतें. ज्यांच्या घरीं दप्तरें आहेत त्यांनीं अप्रकाशित पानांचीं छायाचित्रें विभागांस या कामीं द्यावीं. मिथिलेनें पोथी अडवून ठेविली असें सांगतात. आपण ती परीक्षेसाठीं मोकळी करावी. वाचणारे तयार झाले तरच सांभाळलेल्याचें सार्थक होईल.