संगणकीय मराठी मजकुरातील रिकामे चौकोन : कारणे, निदान आणि उपाय

सारांश : संगणकाच्या पडद्यावर अथवा छापील कागदावर मराठी अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटणे ही महाविद्यालयीन कामकाजातील परिचित अडचण आहे. असा मजकूर नष्ट झाला असे समजून तो पुन्हा टंकलिखित करण्याची प्रथा सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात चौकोन हे बहुतांश वेळा मजकूर सुरक्षित असल्याचे चिन्ह असते. प्रस्तुत लेखात चौकोन उमटण्यामागील प्रक्रिया, त्याच्याशी साधर्म्य असणाऱ्या इतर बिघाडांपासूनचे वेगळेपण, निदानाची क्रमवार पद्धती व त्यावरील उपाय यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : युनिकोड, देवनागरी, फॉन्ट, संकेतांक, मुद्रण, पीडीएफ.

१. प्रस्तावना

प्रश्नपत्रिका, इतिवृत्ते, शोधनिबंध, प्रबंध, विद्यार्थ्यांच्या नावांच्या याद्या असे महाविद्यालयाचे बहुतेक लेखन आज संगणकावर होते. हे लेखन एका संगणकावर तयार होते, दुसऱ्यावर तपासले जाते आणि तिसऱ्यावरून छापले जाते. या प्रवासात कोठेतरी अक्षरे अदृश्य होतात आणि त्यांच्या जागी चौकोनांची रांग उभी राहते. परीक्षेच्या आदल्या दिवशी किंवा प्रबंध सादर करण्याच्या अंतिम मुदतीस असे घडल्यास घाईने केलेला उपायच मूळ दोषापेक्षा अधिक हानी करतो. म्हणून उपायाआधी निदान होणे आवश्यक ठरते, आणि निदानासाठी संगणक अक्षर कसे साठवतो व कसे दाखवतो हे समजून घ्यावे लागते.

२. संकेतांक आणि आकृती

संगणक अक्षर साठवत नाही, तर अक्षराला दिलेला क्रमांक साठवतो. या क्रमांकास संकेतांक म्हणतात. जगातील लिप्यांना एकाच यादीत क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणकाची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात देवनागरीसाठी ०९०० ते ०९७एफ ही १२८ स्थाने राखलेली आहेत. हे क्रमांक सोळा अंकी पद्धतीचे असल्याने त्यांत अंकांबरोबर रोमन अक्षरेही येतात. उदाहरणार्थ, 'र' चा संकेतांक ०९३०, तर 'ठ' चा ०९२० आहे. 'मराठी' हा शब्द संगणकाच्या दृष्टीने म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशा पाच संकेतांकांची मालिका होय.

हे संकेतांक पडद्यावर किंवा कागदावर उमटवण्यासाठी फॉन्ट लागतो. फॉन्ट म्हणजे आकृत्यांचा संच आणि कोणत्या संकेतांकास कोणती आकृती द्यावी याची सूची. मागितलेला संकेतांक सूचीत नसेल तर प्रथम संगणकप्रणाली दुसऱ्या एखाद्या फॉन्टमधून ती आकृती मिळवण्याचा प्रयत्न करते. तोही निष्फळ झाल्यास फॉन्टमधील शून्य क्रमांकाची आकृती उमटवली जाते. गहाळ आकृतीची ही राखीव जागा असून बहुतेक फॉन्टमध्ये तेथे रिकामा चौकोन काढलेला असतो. सोयाबीनच्या पनीरसारख्या तुकड्यांशी असलेल्या साम्यामुळे या चौकोनास गमतीने 'टोफू' म्हटले जाते. सर्व लिप्यांसाठी फॉन्ट उपलब्ध करून हे टोफू नाहीसे करण्याच्या हेतूने गुगल कंपनीने जो मुक्त फॉन्टसंच तयार केला त्यास 'नो टोफू' वरून 'नोटो' असे नाव देण्यात आले.

यावरून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. चौकोन दिसतो तेव्हा बहुधा संकेतांक जागेवर असतो, केवळ आकृती उपलब्ध नसते. मजकूर हरवलेला नसून त्यास रूप मिळालेले नसते.

३. सदृश लक्षणांतील भेद

चौकोनाप्रमाणेच दिसणाऱ्या, परंतु कारण व उपाय या दोन्ही बाबतींत भिन्न असणाऱ्या चार लक्षणांची येथे नोंद घेणे आवश्यक आहे.

(अ) प्रश्नचिन्हे : देवनागरी मजकूर पाश्चात्त्य भाषांसाठीच्या २५६ स्थानांच्या जुन्या संकेतप्रणालीत जतन केला, तर त्या प्रणालीत स्थान नसलेल्या प्रत्येक अक्षराऐवजी प्रश्नचिन्ह लिहिले जाते. येथे मूळ संकेतांक पुसला गेलेला असतो. फॉन्ट बदलून तो परत मिळत नाही; जुनी प्रत शोधणे हाच मार्ग उरतो. एक्सेलमधील नावांची यादी साध्या सीएसव्ही स्वरूपात जतन करताना हा अपघात होतो. 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा पर्याय निवडल्यास तो टळतो.

(आ) उच्चारचिन्हयुक्त रोमन अक्षरांची गर्दी : यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. वाचणारी प्रणाली त्यांना तीन स्वतंत्र अक्षरे समजली तर एका चिन्हाऐवजी तीन अनोळखी चिन्हे दिसतात. फाईल उघडताना यूटीएफ-८ ही संकेतप्रणाली निवडल्यास मजकूर पूर्ववत होतो, मात्र त्याआधी बिघडलेली प्रत जतन केलेली नसावी.

(इ) साधी रोमन अक्षरे : युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीच्या अनेक मराठी फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवलेल्या होत्या. तो विशिष्ट फॉन्ट संगणकावर नसेल तर खालची रोमन अक्षरे उघडी पडतात. येथे तोच फॉन्ट बसवणे किंवा परिवर्तकाच्या साहाय्याने मजकूर युनिकोडमध्ये आणणे हे उपाय आहेत.

(ई) ठिपक्यांचे वर्तुळ : मात्रा किंवा वेलांटी व्यंजनाविना आली, अथवा चुकीच्या क्रमाने टंकलिखित झाली, तर तिच्यासोबत ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. हा लेखनातील दोष असून फॉन्टशी त्याचा संबंध नसतो.

४. चौकोन उमटण्याची प्रमुख कारणे

पहिले कारण म्हणजे देवनागरी फॉन्टचा अभाव. विंडोज २००० पासून 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट विंडोज प्रणालीत उपलब्ध झाला. विंडोज एक्सपीमध्ये मात्र भारतीय लिप्यांचे साहाय्य वेगळे बसवावे लागे आणि ते नसलेल्या संगणकांवर युनिकोड मराठीचे चौकोन होत. एक्सपीला मिळणारे साहाय्य २०१४ मध्ये संपले, तरी प्रयोगशाळांत वा कार्यालयांत असा एखादा जुना संगणक टिकून असू शकतो. विंडोज ८ पासून 'निर्मला यूआय' हा फॉन्ट आला, तर विंडोज १० मध्ये 'मंगल' पूरक फॉन्टांत गेला. त्यामुळे 'मंगल' मध्ये तयार केलेली फाईल नव्या संगणकावर निराळ्या वळणाची दिसते व पानांची संख्याही बदलू शकते.

दुसरे कारण सूक्ष्म आहे. फॉन्ट देवनागरीचा असतो, परंतु जुना असतो. 'ॲ' या मराठी अक्षरास ०९७२ हा स्वतंत्र संकेतांक २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत मिळाला. तत्पूर्वीच्या फॉन्टमध्ये ही आकृती नसल्याने सर्व मजकूर नीट दिसूनही 'ॲड', 'ॲसिड', 'ॲल्युमिनियम' या शब्दांच्या आरंभी चौकोन येतो. अशीच स्थिती रुपयाच्या चिन्हाची आहे. हे चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या ६.० आवृत्तीत त्यास स्थान मिळाले. त्याआधीच्या फॉन्टमध्ये अंदाजपत्रकातील प्रत्येक रकमेपूर्वी चौकोन उमटतो. संस्कृतच्या अध्यापकांस वैदिक स्वरचिन्हांबाबत हाच अनुभव येतो, कारण वैदिक चिन्हांचा विस्तारित विभाग २००९ मध्ये समाविष्ट झाला.

तिसरे कारण अदृश्य चिन्हांचे आहे. 'वाऱ्यावर', 'दऱ्या' यांतील ऱ्य दोन प्रकारे लिहिला जातो. एक प्रकार 'ऱ' या अक्षरास हलन्त जोडून, तर दुसरा 'र', हलन्त आणि शून्य रुंदीचे जोडचिन्ह यांच्या साहाय्याने. हे जोडचिन्ह दिसू नये अशी अपेक्षा असते, परंतु जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तेच चौकोनाच्या रूपाने प्रकट होते. शब्दाच्या मधोमध, र या अक्षरालगतच चौकोन येत असेल तर हे कारण प्रथम तपासावे.

चौथे कारण चिन्हफॉन्टचे आहे. काही जुन्या फॉन्टची रचना चिन्हसंचासारखी असते. त्यांतील अक्षरांना वर्ड हे सॉफ्टवेअर 'एफ०' ने सुरू होणारे खाजगी वापराचे संकेतांक देते. मूळ फॉन्ट नसल्यास किंवा दुसरा फॉन्ट लावल्यास या अक्षरांचे चौकोन होतात. येथे कोणताही युनिकोड फॉन्ट उपयोगी पडत नाही; मूळ फॉन्टच मिळवावा लागतो.

इतिहासाच्या अध्यापकांसाठी मोडी लिपीचा उल्लेख आवश्यक आहे. मोडीस २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत स्थान मिळाले. तिचे संकेतांक पहिल्या ६५,५३६ स्थानांच्या पलीकडे आहेत. त्यामुळे मोडीचा फॉन्ट स्वतंत्रपणे बसवावा लागतो आणि जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एका अक्षराचे दोन चौकोनही दिसू शकतात.

५. पडद्यावर अक्षर, कागदावर चौकोन

पडद्यावर मजकूर शुद्ध दिसत असूनही छपाईत चौकोन येतात तेव्हा दोष मजकुरात नसून मुद्रणाच्या टप्प्यावर असतो. काही प्रिंटरच्या मांडणीत संगणकावरील फॉन्टऐवजी प्रिंटरमधील फॉन्ट वापरण्याची सूचना असते आणि प्रिंटरच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसते. प्रिंटरच्या गुणधर्मांत जाऊन फॉन्टची ही अदलाबदल बंद करावी. वेळ अपुरा असल्यास पीडीएफ फाईल ॲडोबी रीडरमधून 'प्रिंट ॲज इमेज' हा पर्याय निवडून छापावी. त्यामुळे प्रत्येक पान चित्ररूपाने प्रिंटरकडे जाते व फॉन्टची आवश्यकता उरत नाही. छपाईचा वेग मात्र मंदावतो.

पीडीएफमध्येच चौकोन असतील तर ती तयार करताना फॉन्ट फाईलमध्ये अंतर्भूत झालेला नसणे शक्य आहे. ॲडोबी रीडरमध्ये फाईलच्या गुणधर्मांतील 'फॉन्ट्स' या विभागात प्रत्येक फॉन्टपुढे तो अंतर्भूत आहे किंवा नाही याची नोंद असते. काही फॉन्टच्या निर्मात्यांनी अंतर्भूत करण्यास परवानगी नाकारलेली असते. अशा वेळी फॉन्ट बदलून नवी पीडीएफ करावी.

६. निदानाची क्रमवार पद्धती

१) मूळ फाईल जतन न करता बंद करावी आणि तिची प्रत करून सर्व प्रयोग त्या प्रतीवरच करावेत.

२) दिसणारे चिन्ह चौकोन आहे की प्रश्नचिन्ह, हे निश्चित करावे. प्रश्नचिन्ह असल्यास जुनी प्रत शोधावी.

३) तीच फाईल नव्या संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर उघडावी. तेथे मजकूर दिसल्यास दोष पहिल्या संगणकावरील फॉन्टचा आहे हे सिद्ध होते.

४) विंडोजवरील वर्डमध्ये चौकोनाच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबाव्यात. चौकोनाच्या जागी त्याचा संकेतांक दिसतो आणि त्याच कळा पुन्हा दाबल्यास तो पूर्ववत होतो. संकेतांक ०९०० ते ०९७एफ या मर्यादेत असेल तर मजकूर युनिकोड देवनागरी आहे व योग्य फॉन्ट पुरेसा आहे. तो 'एफ०' ने सुरू होत असेल तर जुन्या चिन्हफॉन्टचा शोध घ्यावा. तो २००डी असेल तर ते अदृश्य जोडचिन्ह होय.

५) मजकूर निवडून 'निर्मला यूआय' किंवा 'नोटो सॅन्स देवनागरी' हा फॉन्ट लावावा. वर्डमध्ये रोमन व देवनागरी लिप्यांसाठी फॉन्टची स्वतंत्र नोंद असते. म्हणून फॉन्टच्या चौकटीतील 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' या रकान्यातही बदल करणे आवश्यक असते. तो न केल्यास फॉन्ट बदलूनही परिणाम दिसत नाही.

६) पडद्यावरील दोष दूर झाल्यावरच मुद्रणाकडे वळावे आणि प्रथम एकच पान छापून पाहावे.

७. महाविद्यालयीन व्यवहारातील दक्षता

हा प्रश्न केवळ तात्कालिक गैरसोयीचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे आवश्यक झाले आणि 'शोधगंगा' या भांडारात असे प्रबंध जतन होऊ लागले. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला मराठी प्रबंध पीडीएफमध्ये वाचता येतो, परंतु त्याच्या खाली साठवलेला मजकूर मराठी नसतो. परिणामी त्यातील एखादा शब्द शोधता येत नाही आणि उतारा निवडून दुसरीकडे घेतल्यास रोमन अक्षरे किंवा चौकोन हाती येतात. ग्रंथालयात पुस्तक असावे, पण तालिकेत त्याची नोंद नसावी, अशी ही अवस्था आहे.

त्यामुळे नवे लेखन युनिकोडमध्येच करावे. अन्यत्र पाठवायची अंतिम प्रत फॉन्ट अंतर्भूत केलेल्या पीडीएफच्या रूपात द्यावी आणि सोबत मूळ फाईलही जतन करावी. प्रश्नपत्रिका ज्या संगणकावरून छापायची असेल, त्याच संगणकावर तिचे मुद्रण आधी तपासावे. विभागाकडील जुन्या फाईलींसोबत त्यांत वापरलेल्या फॉन्टचे नाव नोंदवून ठेवावे आणि मूळ फॉन्ट उपलब्ध आहे तोवर त्या युनिकोडमध्ये परिवर्तित करून घ्याव्यात. परिवर्तनानंतर जोडाक्षरे, रफार व ऱ्य यांची मूळ छापील प्रतीशी पडताळणी अवश्य करावी, कारण परिवर्तकाच्या चुका प्रामुख्याने येथेच राहतात.

८. निष्कर्ष

रिकामा चौकोन संकेतांक असल्याचे आणि आकृती नसल्याचे सूचित करतो. प्रश्नचिन्ह मात्र संकेतांकच गेल्याचे दर्शवते. हा एक भेद ध्यानी ठेवल्यास श्रमांचा अपव्यय टळतो व सुरक्षित मजकूर घाईने पुसला जात नाही. चौकोन दिसताच पुनर्टंकलेखनास आरंभ न करता फाईलची प्रत करणे, संकेतांक पाहणे आणि त्यानंतर फॉन्टचा विचार करणे हा क्रम पाळला, तर बहुतांश प्रसंगी हरवल्यासारखे वाटणारे लेखन एकही अक्षर पुन्हा न लिहिता परत मिळते.