दीर्घकालीन ख्रिस्तभक्ती आणि उपासनेची भाषा

श्रद्धेच्या आरंभीच्या उत्कटतेची वर्णने पुष्कळ आढळतात; परंतु तीच भक्ती तीस-चाळीस वर्षे सतेज कशी राहते, याचा विचार त्या मानाने क्वचितच होतो. हा प्रश्न नवा नाही. नव्या करारातील 'प्रकटीकरण' या ग्रंथात इफिस येथील मंडळीला दिलेला ठपका हाच आहे: श्रम व सहनशीलता कायम, पण पहिली प्रीती मात्र सुटली. या ओसरण्यात भाषेचाही वाटा असतो. तीच प्रार्थना वर्षानुवर्षे म्हटली की शब्द गुळगुळीत होतात. जीभ चालते आणि मन दुसरीकडे भटकते. मग पुनरुक्तीच टाकून द्यावी काय?

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या उदाहरणावरून याचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते. १८९५ साली त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तचरणी आलो, अशी त्यांची भावना होती. म्हणूनच अभंग, ओवी व कीर्तन ही साधने त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणली. अभंगगायनात ध्रुपद पुनःपुन्हा येते. पण दर वेळी मध्ये नवे चरण आलेले असल्यामुळे तेच शब्द निराळ्या अर्थाने कानी पडतात. स्थिर शब्दाला नव्या शब्दाची जोड मिळाली की पुनरुक्ती जड होत नाही, हे तत्त्व वैयक्तिक प्रार्थनेलाही लागू पडते.

दुसरी गोष्ट शुष्क काळाची. दीर्घ श्रद्धेत असा काळ येतोच. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे तक्रारीची आहेत, आणि तुकोबांच्या विरहाच्या अभंगांतही देवाशी भांडण आहे. दोन्ही परंपरांत कोरडेपणा लपविलेला नाही. तो देवालाच सांगितलेला आहे. ज्याला तक्रार करता येते त्याचा संवाद तुटलेला नसतो.

टिळकांची भक्तीही एका ठिकाणी थिजली नाही. बाप्तिस्म्यानंतर २२ वर्षांनी, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले ख्रिस्तानुयायी तेथे एकत्र यावेत, हा त्यांचा हेतू होता. त्यांच्या मृत्यूने 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांच्यापासून दुरावलेल्या आणि १९०० मध्ये स्वतः ख्रिस्ती झालेल्या लक्ष्मीबाईंनी पुढील बहुतेक अध्याय रचले. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये निवर्तल्या. ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाची भक्ती दुसऱ्याच्या हाती पूर्ण होते, हेही तिच्या टिकण्याचे एक कारण मानले पाहिजे.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. आजचे जळगाव व धुळे ही त्यांची मुख्य ठाणी. येथील अनेक ख्रिस्ती कुटुंबांत घरची बोली अहिराणी किंवा एखादी भिल्ली, तर उपासनेची भाषा प्रमाण मराठी. ग्रिअर्सन यांच्या भाषा-पाहणीचा भिल्ली व खानदेशी बोलींविषयीचा खंड १९०७ मध्ये निघाला. त्या पाहणीत बोलींचा नमुना म्हणून उधळ्या पुत्राचीच गोष्ट घेतलेली आहे. बापाच्या घरी परतण्याची ही कथा भाषाशास्त्राच्या निमित्ताने का होईना, येथील बोलीत शतकापूर्वीच उतरली!

याला नव्या करारातच एक आधार सापडतो. ग्रीक भाषेत लिहिलेल्या त्या ग्रंथाने 'अब्बा' हा अरामी शब्द तीन ठिकाणी तसाच राखला आहे, आणि तिन्ही ठिकाणी तो प्रार्थनेतील हाक म्हणूनच येतो. ग्रीक प्रतिशब्द शेजारी दिला, तरी घरातला शब्द गाळवला नाही. अहिराणी बोलणारा 'मना बाप' म्हणतो तेव्हा 'पित्या' या संबोधनातील आदराला जवळिकीची जोड मिळते.

यावरून इतके म्हणता येईल: नित्याची प्रार्थना सोडू नये; पण तिच्या पाठोपाठ त्या दिवसापुरती दोन वाक्ये आपल्या घरच्या बोलीत बोलावीत, मग ती तक्रारीची का असेनात. पहिली उत्कटता जपून ठेवता येत नाही. रोजचा संवाद मात्र चालू ठेवता येतो, आणि चाळीस वर्षांची भक्ती त्या संवादावरच उभी असते.