सावरपाड्याची कविता राऊत आणि आपल्या घरातल्या मुली

चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाणारा रस्ता आमच्या मूल गावातून जातो. पोलीस भरतीचे दिवस जवळ आले की रस्त्याच्या कडेला आणि मैदानावर सकाळी पळणारी मुले-मुली दिसू लागतात. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. मग आपल्या घरातही एखादी लेक विचारते, "अब्बा, मी पण जाऊ का?" अशा वेळी घरात बहुधा शांतता पसरते. लोक काय म्हणतील, कपड्यांचे काय, लग्नाचे काय, हे प्रश्न एकदमच उभे राहतात. या घरांसाठी आम्ही कविता राऊत यांची हकीकत सांगत आहोत.

नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा हा डोंगराळ भागातला आदिवासी पाडा. कविताचा जन्म १९८५ चा. लहानपणी पाणी आणायला लांब चालत जावे लागे. धावणे हाच खेळ का निवडला, याचे तिचे उत्तर सरळ होते: तो अनवाणी खेळता येतो. पुढे नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली तिची तयारी झाली आणि लोक तिला 'सावरपाडा एक्सप्रेस' म्हणू लागले.

ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत तिने कांस्यपदक जिंकले. वेळ होती ३३ मिनिटे ५ सेकंद. या स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. दीड महिन्यानेच चीनमधील ग्वांगझू येथे आशियाई स्पर्धा झाली. तिथे तिने हेच अंतर ३१ मिनिटे ५१ सेकंदांत कापून रौप्यपदक घेतले. सुवर्ण भारताच्याच प्रीजा श्रीधरनला मिळाले. दोघींमध्ये एका सेकंदाचेही अंतर नव्हते. शिवाय ५,००० मीटरमध्ये कविताला कांस्य मिळाले. २०१२ मध्ये तिला अर्जुन पुरस्कार देण्यात आला.

लग्नानंतरही तिचे धावणे थांबले नाही, हे आपल्याकडच्या सासू-सासऱ्यांनी लक्षात घ्यावे. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिने मॅरेथॉनचे सुवर्ण जिंकले. वेळ २ तास ३८ मिनिटे ३८ सेकंद. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, म्हणजेच प्रत्येक किलोमीटर जवळपास पावणेचार मिनिटांत आणि असे ओळीने बेचाळीस. आपल्या गावातले एखादे धडधाकट पोर या वेगाने एक किलोमीटर पळाले तरी धापा टाकील. या कामगिरीमुळे तिला रिओ ऑलिम्पिकचे दार उघडले. तिथे मात्र उन्हात ती १२० वी आली आणि तिला जवळपास ३ तास लागले. तरीही तिने शर्यत अर्ध्यावर सोडली नाही.

"ते ठीक, पण आपल्यात हे चालते का?" असे काही बुजुर्ग विचारतील. हजरत आयशा (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावल्याची नोंद हदीसमध्ये आहे. पहिल्या वेळी त्या जिंकल्या, पुढे एकदा प्रेषित जिंकले. आजच्या काळातले उदाहरण सिफान हसन यांचे. इथिओपियात जन्मलेली ही मुलगी पंधराव्या वर्षी निर्वासित म्हणून नेदरलँड्सला गेली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तिने २ तास २२ मिनिटे ५५ सेकंदांत मॅरेथॉनचे सुवर्ण जिंकले आणि पदक घ्यायला ती हिजाब घालून उभी राहिली.

तेव्हा मुलीला नाही म्हणण्याआधी थोडा विचार करा. आपल्या भागातली खरी अडचण वाघाची आहे. मूल, सावली, सिंदेवाही भागात वाघ गावाजवळ येतो. म्हणून फजरनंतर लगेच अंधारात जंगलालगतच्या रस्त्यावर एकटीला पाठवू नका. चांगले उजाडू द्या, शाळेचे मैदान निवडा, चार-पाच मुली मिळून जाऊ द्या आणि सोबत भाऊ किंवा अब्बा असले तर उत्तम. सैल पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, ट्रॅकपँट आणि स्कार्फ घालून छान पळता येते. बूट मात्र पायाच्या मापाचे घ्या. सुरुवातीला एक मिनिट पळणे, एक मिनिट चालणे एवढेच पुरे. ८०० मीटर न थांबता जमू लागले की मग घड्याळ लावा. चक्कर येत असेल, पाळीत फार रक्तस्राव होत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. भिजवलेले चणे, अंडी, शेंगदाणे, पालेभाजी घरात असतेच. त्यातला वाटा मुलाइतकाच मुलीच्या ताटातही पडू द्या.

भरतीत निवड होईल की नाही, हे आधी कोणी सांगू शकत नाही. पण उद्या सकाळी लेकीने बूट घातले, तर अम्मीने तिच्या हातात पाण्याची बाटली द्यावी आणि अब्बांनी मैदानापर्यंत सोबत जावे, एवढी विनंती आम्ही करतो.